तुपाशिवायचा रोडगा

सरस्वतीबाई फाट्यावर एस.टी.तून उतरून पांदीच्या वाटेने चालत मळ्यात आली आणि भावाच्या खाटेकडे न येता आधी विहिरीकडे गेली. हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि मग विहिरीच्या काठावरच धाकट्या भावाशी, मोतीरामशी, हळू आवाजात बोलत उभी राहिली. निंबाखालच्या खाटेवरून भगवंतराव ते पाहत होते. बहीण माहेरी आली की आधी थोरल्याच्या पाया पडायची, मग बाकीचं. आज तिने रीत मोडली म्हणजे सासरहून, अमडापुराहून, ती काहीतरी पोटात घेऊनच निघाली असणार.

खरं तर दिवस आनंदाचा होता. दसऱ्यानंतर देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत लोकांच्या टाळ्यांवर जिलब्या खाता खाता भगवंतराव पोट धरून कोसळले, तेव्हा त्यांच्या बायकोने, अंबूबाईने, तिथल्या तिथे कपाळ जमिनीला टेकवलं होतं. मालक जितेजागते मळ्यात परतले तर मसोबाला रोडगे करीन, असा नवस ती बोलली होती. मालक परतले. माघ लागला, वांग्यांना बहर आला, आणि आज मळ्याच्या बांधावर गोवऱ्यांचा ढीग पेटून त्याचा निखाऱ्यांचा आर पडला होता. कणकेचे जाड रोडगे त्यात भाजायला टाकले होते. याच जेवणाला अमडापूरचे उत्तमराव आपल्या मंडळींना घेऊन यायचे होते. जेवणं झाली की त्यांच्या वैजनाथची आणि भगवंतरावांच्या शारदाची सुपारी फुटणार होती. सोयरीक सरस्वतीबाईनेच जमवली होती.

ती एकदाची खाटेशी आली. मागून मोतीराम. अंबूबाईही हाताची कणीक झाडत आली, कारण नणंदेचा चेहरा तिनेही पाहिला होता.

"दादा, मी सरळच बोलतो," सरस्वतीबाई खाटेच्या कडेला टेकत म्हणाली. "अमडापुरात बोभाटा झाला. बजारात बाया बोलून राह्यल्या, की पोरीच्या बापाले टी.बी. झाली. एवढा गडी पार वाळून गेला, आता घरातलं घरात झाकून ठेवून राह्यले म्हंते."

"कोन म्हंते?" भगवंतरावांनी विचारलं.

"कोनी बी म्हनो. पोराच्या मायच्या, कौशल्याबाईच्या, कानावर गेलं ते. तिचा सख्खा भाऊ टी.बी.नं गेला. ती आज सुपारी फोडाले येऊन नाई राह्यली, दादा. ती तुले पाहाले येऊन राह्यली."

भगवंतरावांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. वर्षभरापूर्वी ते बंडीत बसले की बंडी एका अंगाला कलायची. पोट असं सुटलेलं, की धोतराचा सोगा खोचायला अंबूबाईला मदत करावी लागायची. आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यावर लोंबत होता आणि पोटाचं कातडं रिकाम्या पोत्यासारखं सैल पडलं होतं. जो त्यांना पाहायचा, तो आधी डोळे मोठे करायचा आणि मग खाली घालायचा.

टी.बी. नव्हती. पण जी होती ती व्याधी कुणाला नीट सांगता यायची नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पोटाच्या मागे एक ग्रंथी असते, तिला स्वादुपिंड म्हणतात, ती सुजली. सळई पोटातून घुसवून पाठीतून काढावी तशी ती कळ होती. नाकातून नळी घातलेली, हाताला सलाईनची बाटली, आणि पाण्याचा थेंबही वर्ज्य. अंबूबाई ओल्या कापसाचा बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवायची आणि ते कापूसच चोखायला जायचे. डॉक्टरांनी त्यांचं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं होतं. थोड्या वेळाने त्यावर दुधावर यावी तशी पांढरी साय धरली. डॉक्टरांनी ती नळी मोतीरामला दाखवली आणि भगवंतरावांनाही दाखवली. "हे तुमचं तूप," ते म्हणाले होते. "पोटात जिरलं नाही, ते रक्तात उतरलं."

मग लघवीत साखर निघाली. रक्ताचा दाबही चढलेला निघाला. दोन्ही केव्हापासून असतील कोण जाणे. दुखलं नाही तोवर भगवंतरावांनी डॉक्टर पाहिला नव्हता.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर देऊळगाव राजाचे उकंडराव होते. एस.टी.त कंडक्टर, काडीसारखा माणूस. त्यांनाही तेच दुखणं, तीच नळी, तीच बाटली. त्यांच्या पित्ताच्या पिशवीत खडा सापडला होता. उकंडराव आधी घरी गेले आणि पौष सरायच्या आत पुन्हा गाडीवर चढले. भगवंतराव मात्र अजून खाटेवर होते. चार पावलं वांग्यात गेलं की पोटऱ्या भरून यायच्या. तांब्यामागून तांब्या पाणी प्यालं तरी घसा कोरडाच. तळपायांना निखाऱ्यावर उभं राहिल्यासारखी आग. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ताटाची भीती. ज्या माणसाने आयुष्यभर ताटाकडे पाहून फक्त हसायचं काम केलं, तो आता घास तोंडात घालून थांबायचा, पोट काय म्हणतं ते ऐकत बसायचा. कुठे जरा टोचलं की अंगाला घाम.

"मंग आता काय कराचं म्हंता?" अंबूबाईने विचारलं.

सरस्वतीबाईने मोतीरामकडे पाहिलं. विहिरीवरचं बोलणं पक्कं झालेलं होतं.

"खाऊन दाखवाचं," ती म्हणाली. "टी.बी.वाला मानूस जेवत नसते, हे कौशल्याबाईले ठाव हाये. दादानं उत्तमरावाच्या मांडीले मांडी लावून बसाचं. एक रोडगा कुस्करून, वर तूप घेऊन, पहिल्यासारखा खायाचा. त्याचं खानं कोनाले ठाव नाई? तोंडं आपसूक बंद होतीन."

"डाक्टरनं तूप बंद केलं हाये."

"एक दिवस, वैनी," मोतीराम म्हणाला. "रोज कोन खा म्हंते? पोरीच्या जन्माचा सवाल हाये."

"अन् त्यायच्या जन्माचा?"

"वैनी, मी बोलत नाई म्हून," मोतीरामचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "दसऱ्यापासून मळा मी एकटा ओढून राह्यलो. पानी मी भरतो, बजार मी करतो. मी कधी हू का चू केलं नाई. पन त्या कंडक्टरले बी हेच दुखनं व्हतं ना? तो उभ्यानं मेहकरपर्यंत जाते अन् येते. दादाले अजून खाट सुटत नाई. मले तर वाटते, दादाच्या मनातच भेव बसलं. एकदा खाल्लं की निंघून जाईन."

भगवंतरावांना ते लागलं. धाकटा भाऊ मनात काय धरून आहे हे त्यांना माहीत होतं. पण मनातलं आणि ओठावरचं यात अंतर असतं. आजवर त्यांच्या पोटावरून लोक हसले तेव्हा तेही हसले होते. कामचुकार मात्र त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"खातो," ते म्हणाले.

अंबूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. भांडली नाही. "बरं," एवढंच बोलून आराकडे गेली आणि काठीने रोडगे उलथू लागली. तिची पाठ त्यांच्याकडे होती. ती पाठ पाहून भगवंतरावांना वाटलं, हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

थोड्या वेळाने शारदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. पोरीने नवं लुगडं नेसलं होतं आणि त्यात ती उगीचच मोठी दिसत होती. तांब्या देऊन ती गेली नाही.

"आबा, आत्या काय म्हने?"

"काई नाई. बायायच्या गोष्टी."

"मी आयकलं विहिरीपाशी." ती खाटेचा दोर बोटाने उकलत राहिली. "मी जालन्याले आली व्हती तवा तुमी मले वळखलं नव्हतं. मले 'बाई, पानी दे' म्हनत व्हते. मी पोटची पोरगी, अन् तुमी मले बाई म्हनत व्हते. मले पानी देता येत नव्हतं."

भगवंतरावांना यातलं काहीच आठवत नव्हतं. तापात असतील. कुणी त्यांना हे सांगितलंही नव्हतं.

"मी अजून सपनात पाह्यतो ते," शारदा म्हणाली, आणि लाजल्यासारखी उठून आईकडे गेली.

*

दुपारच्या टळटळीत उन्हाआधी पाहुणे आले. उत्तमराव उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलघेवडे. कौशल्याबाई बुटक्या, गप्प. त्यांच्यासोबत घरचे आणखी दोघंतिघं. मुलगा मात्र आला नव्हता. पंचायत समितीत कारकून होता, त्याला रजा मिळाली नव्हती. राम राम झाले, पाय धुवायला पाणी दिलं, घोंगड्या अंथरल्या. कौशल्याबाई घोंगडीवर बसल्या त्या भगवंतरावांपासून बऱ्याच लांब, आणि तिथून पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मागोमाग पांदीतून आणखी एक माणूस येताना दिसला. खांद्यावर पंचा, अंगात खाकी सदरा. भगवंतरावांनी डोळे बारीक केले. उकंडराव.

"मी बलावलं," मोतीराम म्हणाला. "गाडीत भेटले व्हते."

कशासाठी बोलावलं, ते भगवंतरावांना न सांगता कळलं. दोन माणसं शेजारी उभी करायची आणि जगाने बघायचं, की एक कसा ताठ आणि एक कसा वाकलेला.

उकंडराव मात्र आले ते थेट खाटेशी, आणि भगवंतरावांचा हात दोन्ही हातांत धरून बसले. "कसं हाये, दादा? पाय जळतेत अजून?"

"जळतेत."

"गोळ्या चालू हायेत?"

"हायेत. साखरेसाठी लघवी त्या निळ्या औषधात उकळून पाहा म्हने, ते बी चालू हाये. हिरवी झाली की बरं. लाल झाली की माही बायको दिवसभर बोलत नाई."

उकंडराव हसले. भगवंतरावही हसले, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांना कसंसंच वाटलं.

"पाहा ना कंडक्टरसाहेब," मोतीराम मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दुखनं एकच, खाट बाजूबाजूले. तुमी कामावर, अन् आमचे दादा अजून निंबाखाली. हे कसं म्हनावं?"

उकंडरावांनी पंच्याने मान पुसली. "एकच नव्हतं, मोतीरामभाऊ. मीबी तेच इचारलं व्हतं डाक्टरले. मी घरी जाऊन राह्यलो व्हतो अन् हे पडेल व्हते, तवा मले वाईट वाटलं. मी म्हनलं, याह्यले काऊन सोडत नाई? डाक्टर म्हने, तुझ्या घरात एकच चोर शिरला व्हता, तो धरला. याह्यच्या घरात दुसरे तीन आधीच बिऱ्हाड करून व्हते. वजन, साखर, रक्ताचा दाब. हा चौथा आला तवा त्याले दार बी उघडावं लागलं नाई. तीन चोरायले काढल्याबिगर मानूस उभा राहात नसते, म्हने. लवकर तर नाईच."

मोतीरामच्या कपाळावरची आठी मात्र गेली नव्हती. ऐकलेलं डोक्यात शिरायला वेळ लागतो, आणि चार महिने पाणी भरणाऱ्या माणसाला तर जास्तच.

उत्तमराव हे ऐकत होते की नाही कळलं नाही. ते वांग्याची रोपं कुठून आणली ते सरस्वतीबाईला विचारत होते.

*

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, आणि राखेतून काढून झटकलेले, फुटलेले, वाफाळते रोडगे. मसोबाला नैवेद्य गेला. भगवंतराव उत्तमरावांच्या मांडीला मांडी लावून बसले. समोरच्या ओळीत कौशल्याबाई होत्या. त्यांचा पदर अजून तोंडाशीच होता.

सरस्वतीबाईने स्वतःच्या हाताने भावाच्या पत्रावळीवर रोडगा कुस्करला. मोतीराम तुपाची चरवी घेऊन ओळीतून येत होता. पातळ केलेलं गाईचं तूप. त्याचा वास आला आणि भगवंतरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. शरीराला अजून काही कळलं नव्हतं. शरीर अजून यात्रेतल्या त्या जिलबीच्या कढईसमोरच बसलं होतं. लोक मोजत होते, टाळ्या वाजवत होते आणि तो शेवटचा पाक बोटांवरून ओघळत होता.

"वाढ," सरस्वतीबाई म्हणाली. "दादाले चांगलं वाढ."

मोतीराम वाकला. तुपाची धार सुटणार एवढ्यात भगवंतरावांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

ते आधी ठरवलेलं नव्हतं. हात आपोआप गेला. मोतीरामने चरवी सावरली नसती तर सगळं तूप त्यांच्या मनगटावर सांडलं असतं. पंगत थांबली. पंगतीत वाढण्यावर हात आडवे पडतातच, आग्रह होतो, नाही-होय होतं, हसू होतं. हा तसला हात नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

"दादा," सरस्वतीबाई दातांतल्या दातांत म्हणाली.

"नाई," भगवंतराव म्हणाले. "मले तूप चालत नाई, उत्तमराव. मले बजारातलं बोलनं समजलं. मी आज तुमच्यासमोर खाऊन दाखवनार व्हतो. खाल्लं असतं अन् तुमी सुपारी फोडून गेले असते. संध्याकाळी माह्या पोटात दुखलं असतं तर माही पोरगी पुन्हा जालन्याले माह्या उशापाशी बसली असती. तिनं एकदा पाह्यलं. दुसऱ्यांदा नाई पाहाचं तिनं."

पत्रावळीवरचा आडवा हात त्यांनी काढला नाही. बोलणं आता थांबवता येत नव्हतं.

"मले टी.बी. नाई. पोटाची ग्रंथी सुजली व्हती, त्याच्या आधीपासून साखर व्हती, दाब व्हता, रक्तात चरबी व्हती. खाऊन खाऊन केलं ते मीच केलं. वजन आता उतरलं, ते डाक्टरनं उतरवलं अन् दुखन्यानं उतरवलं. मले अजून चालवत नाई. दुपारी झोपा लागते. मळा माहा भाऊ सांभाळून राह्यला. चार महिन्यानं चालीन का सहा महिन्यानं, मले ठाव नाई. हे असं हाये. सोयरीक ठेवाची का नाई, तुमी ठरवा. पोरीचा काई दोष नाई त्यात."

आरातल्या गोवऱ्या फुटल्याचा आवाज येत होता. सरस्वतीबाईने डोळे मिटून घेतले होते. अंबूबाई भाजीचं पातेलं हातात घेऊन जागच्या जागी उभी होती.

आणि मग कौशल्याबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"खोकला येते का?" त्यांनी विचारलं. दिवसभरातला त्यांचा तो पहिला शब्द.

"नाई."

"संध्याकाळी ताप?"

"नाई. आला तो जालन्यालेच. मंग नाई."

"रक्त कधी पडलं?"

"नाई, बाई."

"मी पाह्यलं त्याच्यासोबत," मोतीराम एकदम म्हणाला. तो अजून चरवी धरून ओळीत उभा होता. "मी दवाखान्यात राह्यलो दादाजवळ. छातीचा फोटो काढला व्हता, डाक्टर म्हने छाती साफ हाये. त्याचं रक्त मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, नळीत. त्याच्यावर साय व्हती. दुधावर असते तशी. मी बाहेर येऊन ओकलो." त्याने चरवी खाली ठेवली. "मानूस मरून राह्यला व्हता, बाई. टी.बी. नव्हती ती. मले माहीत हाये, कारन मी पाह्यलं. अन् मीच आज त्याले म्हनलं, खा म्हून."

तो खाली वाकला, पत्रावळीवरचा कुस्करलेला रोडगा दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या पत्रावळीत टाकला. मग आराकडे जाऊन एक कोरडा, छोटा रोडगा आणला, त्याचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग भावासमोर ठेवला. "हा परसाद. एवढा चालते का, वैनी?"

"एवढा चालते," अंबूबाई म्हणाली.

उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला. ते बोलघेवडे होते, पण त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. कौशल्याबाई भगवंतरावांकडेच पाहत होत्या, पण आता वेगळ्या नजरेने. दारात आलेला पाहुणा आपलाच निघावा तशा नजरेने.

"माहा भाऊ," त्या सावकाश म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हने, मले काई झालं नाई. लगीन लावून देलं त्याचं तसंच. पोरगी पाठवली त्या घरच्यायनं, कोनी सांगितलं नाई तिले. दोन वर्षांत इधवा झाली. ती अजून माह्याकडंच राह्यते. म्हून मी पाहाले आली व्हती. दुखन्याले मी भेत नाई. न सांगन्याले भेतो."

"अन् मी वेगळ्याच गोष्टीले भेत व्हतो," उत्तमराव आता मोकळे झाले. "भगवंतरावाची कीर्ती आमच्या गावापर्यंत हाये. मी रोज बायकोले म्हनो, असा इवाई लग्नात बसला तर बुंदी दुप्पट पाडा लागन. आता निदान तेवढं तरी वाचलं."

आधी उकंडराव हसले, मग पंगतीतलं शेवटचं म्हातारं माणूस हसलं, आणि मग ते हसू ओळीतून फिरत फिरत भगवंतरावांपर्यंत आलं. त्यांना हसताना डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचं त्यांना भान राहिलं नाही. छातीवर कितीतरी दिवस कुणीतरी पाय रोवून उभं होतं आणि आत्ता उतरून गेलं, असं त्यांना झालं.

सरस्वतीबाईने डोळे उघडले. "म्हंजे," ती म्हणाली, "सुपारी?"

"जेवन होऊ द्या आधी," उत्तमराव म्हणाले. "उपाशी पोटी कोन सुपारी फोडते?"

भगवंतरावांनी रोडग्याचा मऊ तुकडा वरणात बुडवला. चावून चावून खाल्ला. घास गिळल्यावर सवयीने थांबले, पोट काय म्हणतं ते ऐकायला. पोट काही म्हणालं नाही. त्यांनी दुसरा घास घेतला.

*

सुपारी फुटली. गूळ वाटला गेला, तो भगवंतरावांच्या हातावर आला तेव्हा त्यांनी कपाळाला लावून शेजारच्या उकंडरावांना दिला. मोतीराम पाहुण्यांना वांग्यांची करंडी बांधून देत होता. मध्येच तो खाटेशी आला, वाकळ झटकून नीट पसरली आणि म्हणाला, "दादा, तू पड थोडा. पानी मी भरतो. तू निस्तं सांग कोन्त्या वाफ्याले आधी." आजवर तो विचारत नसे, परस्पर भरत असे. भगवंतराव म्हणाले, "मिरचीले आधी. वांगे उद्या."

सरस्वतीबाई येऊन भावाच्या पाया पडली, सकाळी राहिलेलं आता केलं, आणि अंबूबाईच्या गळ्यात पडून रडली. दोघी नणंदा-भावजया इतक्या वर्षांत अशा कधी रडल्या नव्हत्या. अंबूबाई तिला थोपटत म्हणत होती, "बस झालं बाई, बस झालं. पोरगी अजून घरातच हाये."

निघताना कौशल्याबाई खाटेपाशी थांबल्या. या वेळी लांब नाही, अगदी जवळ.

"अंबूबाई, येक इचारतो," त्या म्हणाल्या. "लग्नात इवायाले वाढाचं काय? मंडपात दोनशे पात्र बसतीन. आचाऱ्याले आधीच सांगून ठेवा लागन."

"त्यायलेच इचारा," अंबूबाई म्हणाली आणि बाजूला झाली.

इतके महिने त्यांच्या जेवणाबद्दल सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलत आले होते. डॉक्टर मोतीरामशी, मोतीराम वहिनीशी, बहीण साऱ्यांशी. भगवंतराव खाटेवर सरळ बसले.

"ज्वारीची भाकर," ते म्हणाले. "पातळ. दोडक्याची भाजी, तेल नावाले. ताक असलं तर ताक. गोड काई नाई." मग ते थोडं थांबले. "अन् बाई, मले मागं घरात येकटं नका बसवू. पहिल्या पंगतीत बसवा. सगळ्यायच्या संगं."

"पहिल्या पंगतीत," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमच्या मालकाच्या बाजूले. त्यायले बी भाकरच घालतो मी. पोट पाह्यलं का त्यायचं?"

पांदीत पुढे गेलेल्या उत्तमरावांनी ते ऐकलं असावं, कारण ते थबकले, आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि सदरा खाली ओढून पुन्हा चालू लागले.